दुपारची कुलपं

यंदाही ऊन तसंच पडलंय, राजेळी केळ्यांना मानवणारं. पाऊस एकदाचा पाठ फिरवून गेला की थोड्याच दिवसांत हे ऊन येतं. सकाळी कोवळं, दुपारी अंगात शिरणारं आणि संध्याकाळी एकदम विझणारं. आमच्या फुलपाड्याच्या घराच्या गॅलरीत ते जेमतेम टेकतं, कारण समोर एक इमारत उभी राहिली आहे आणि तिच्यामागे दुसरी उभी राहते आहे. तेवढ्यात मी गोधड्या, मिरच्या, डाळी, जे हाताला लागेल ते उन्हात घालते. नवरा म्हणतो, "तुला ऊन दिसलं की काहीतरी वाळवावंच लागतं." तो साताऱ्याकडचा. माझं माहेर सांडोर, आणि आम्ही वाडीतली माणसं उन्हाला रिकामं जाऊ देत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत समजलेलं नाही आणि मीही समजावणं सोडून दिलं आहे.

गेल्या वर्षापर्यंत हे ऊन मला आवडायचं. आता ते नको वाटतं.

सुकेळी म्हणजे काय, हे हल्ली विरारमधल्या दुकानदारालाही सांगावं लागतं. पिकलेली राजेळी केळी सोलायची आणि वाडीत मांडव घालून, त्यावर चटया अंथरून उन्हात ठेवायची. दिवसभर ती परतत राहायची, एकेक, हलक्या हातानं, कारण बोट जरा जोरात लागलं की तिथं डाग धरतो. दव पडायच्या आत टोपल्यांत भरून पेंढ्याखाली झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. हळूहळू ती आकसतात, मधाच्या रंगाची होतात, आणि मग वाडीभर तो वास सुटतो. गोड, थोडा आंबुस, थोडा पेंढ्याचा. शेवटी केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून केळीच्याच सोपानं, म्हणजे खोडाच्या दोऱ्यानं, बांधली की पुडा तयार. लहानपणी त्या पुड्यांवर बसून मी अभ्यास केलेला आहे आणि काकीचा मारही खाल्लेला आहे.

हे काम ज्या घरात चालतं, त्या घरात दिवसा कोणी नसतं. कावळे, शेळ्या, मुंग्या आणि आभाळ, या चौघांपैकी कोण कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून सगळं घर वाडीत. जेवण तिथंच, भात आणि सुकटीची चटणी. लहान मूल असेल तर तेही तिथंच, झोळीत. सांडोरला आमच्या आळीतली घरं रस्त्याला आणि केळीच्या वाड्या मागे, विहिरीच्या पलीकडे. त्यामुळे या दिवसांत दुपारी आळीतून चाललात तर नुसती कुलपं दिसतात. काकीचं कुलूप पितळी, मुठीएवढं, किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. पाहुणा आला, कुलूप पाहिलं, की तो काही न विचारता विहिरीला वळसा घालून सरळ वाडीत येई. कुलूप म्हणजे घरात कोणी नाही असं नव्हे, घर वाडीत आहे, एवढंच आम्हाला माहीत.

गेल्या वर्षी मतदारयाद्या तपासायचं काम नेमकं या दिवसांत निघालं. अंगणवाडीतल्या एका बाईंकडे आमची आळी आली होती. त्या इथल्या नव्हेत, नुकत्याच बदलून आलेल्या. सकाळी अंगणवाडी, दुपारी याद्या. भर दुपारी छत्री घेऊन त्या आळीत आल्या, दारं वाजवली, कुलपं पाहिली, पुन्हा एका दुपारी आल्या, पुन्हा कुलपं पाहिली. शेजारी विचारावं तर शेजारीही कुलूप. दारांवर नोटिसा चिकटवून त्या गेल्या. त्या कागदांचं पुढे काय झालं, यावर माझा चुलतभाऊ विलास म्हणतो की शेळ्यांनी खाल्ले. तो हे थट्टेनं म्हणतो की खरंच, हे मी अजून विचारलेलं नाही.

आणि मग एक दिवस त्याचा फोन आला. "ताई, आपल्या आळीची नावंच गेलीत यादीतून. आपण सगळे गाव सोडून गेलो म्हणे."

मी हसले होते, हे मला चांगलं आठवतं. ज्या आळीतली माणसं सून बाळंतपणाला माहेरी गेली तरी तिसऱ्या दिवशी विचारपूस करतात, ती आळीच्या आळी उठून गेली आणि कोणाला कळलं नाही, याला हसायचं नाही तर काय करायचं? पण विलास हसला नाही. म्हणाला, "आईला अजून सांगितलं नाय. तू ये."

विलासची आई म्हणजे माझी काकी. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माहेर म्हणजे काकीच. बुटकी, काटक, तोंडानं फटकळ. काका होते तोवर मतदानाच्या दिवशी दोघं सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन उभी राहायची. शाळेचं फाटक उघडलेलं नसायचं, पण काकी ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. काका गेल्यावरही तिनं ते सोडलं नाही. एकटी जायची. परत येताना बोट वर धरून यायची, शाई ओली असल्यासारखं, आणि आल्या आल्या त्याच हातानं चहा टाकायची. मत कोणाला दिलं हे तिनं काकांनाही कधी सांगितलं नाही. काका आम्हा पोरांकडे तक्रार करायचे, "एवढी वर्षं एका घरात राहतो, पण ही बाई मला पत्ता लागू देत नाही." काकी यावर नुसती हसायची. त्या घरात तेवढी एकच गोष्ट तिची एकटीची होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी गेले तेव्हा ती मांडवाशी होती. विलासनं सांगितलं, मान खाली घालून. तिचा हात थांबला नाही. केळं उचल, वळव, ठेव. मग म्हणाली, "सातबाऱ्यावर माजं नाव नाय. घरपट्टीवर नाय. रेशनकार्डावर हाय, पन ते विलासच्या खाली. तिथं तेवडं माजं माजं व्हतं." आणि पुढची ओळ परतायला सरकली.

यातून जे उभं राहिलं त्याला समिती म्हणणं जरा जास्तच होईल. शेजारच्या ख्रिस्ती गावातले रेमी सर होते, शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या गायकवृंदात अजून वरच्या पट्टीत गाणारे. त्यांच्या गावातही तीच गत झाली होती, तिथं लोक भाजी घेऊन बाजाराला गेलेले. माझ्या फुलपाड्याच्या इमारतीतले भाडेकरू दोघं नवरा-बायको कामाला जाणारे, त्यांचीही नावं गेलेली. गोखिवऱ्यात कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये पाळीनं काम करणाऱ्या बायका होत्या, त्याही दुपारी घरात नव्हत्या म्हणून वगळलेल्या. ऐकावं ते सगळं सारखंच. दुपारी घरी बसून असणं ही मतदार होण्याची पात्रता कधीपासून झाली, असा प्रश्न रेमी सरांनी पहिल्याच बैठकीत विचारला आणि तोच आमचा अर्ज झाला. मागण्या दोनच. घर बंद दिसलं म्हणून नाव काढू नका, माणसाला, नाहीतर त्याच्या दोन माणसांना गाठून विचारा. आणि चुकून काढलेलं नाव जसं होतं तसं परत लावा.

कचेरीत या दोन्हींना एकच उत्तर होतं, नियमात तसं नाही. मग नियम ज्यांच्याकडून हलेल त्यांच्याकडे जायचं ठरलं. रेमी सरांच्या ओट्यावर त्याची तालीम व्हायची. सर स्वतः आमदार व्हायचे, खुर्चीत रेलून, डोळे अर्धवट मिटून, "बोला, काय काम आहे" असं म्हणायचे आणि आम्ही एकेक जण बोलायचो. गोखिवऱ्याची एक बाई तालमीतच रडली. सर लगेच आमदारकी सोडून पाणी आणायला उठले. वाडीतून मी थेट तिथं जायची, हाताला केळ्याचा चिकटा तसाच. अजूनही रेमी सरांचा आवाज आठवला की मला तो चिकटा बोटांना जाणवतो.

किती खेपा घातल्या ते मी मोजलं नाही. आमदारांच्या बैठकीच्या खोलीत लग्नपत्रिका घेऊन आलेले, बदलीसाठी आलेले, नळासाठी आलेले, आणि त्यांच्यात आम्ही. कधी साहेब अधिवेशनाला, कधी साहेब कार्यक्रमाला. एकदा भेटले. नीट बोलले, हे मी सांगायलाच हवं. म्हणाले, "हे सगळं आयोगाकडे असतं हो. आमच्या हातात नाही."

रेमी सर म्हणाले, "हातात नसेल साहेब, पण तोंडात आहे. सभागृहात बोला. तेवढ्यासाठीच पाठवलंय तुम्हाला."

त्या दिवशी काकीही आमच्याबरोबर आली होती. तेवढ्यात ती पुढे झाली. तिला बोलायचं नव्हतं, तालमीला ती कधी आलीच नव्हती. पिशवीतून सुकेळ्यांचा पुडा काढला आणि मेजावर ठेवला. "मी घर सोडून गेले म्हनतात," ती म्हणाली. "मंग ही कोनी वाळवली?"

अख्ख्या कारभाराला रहिवासाचा पुरावा म्हणून वीजबिल लागतं, आधार लागतं. आमच्या काकीनं सुकेळी नेली. तिच्या हिशेबी यापेक्षा मोठा पुरावा नव्हता. घर सोडून गेलेल्या माणसाला सुकेळी करता येत नाहीत, एक दिवस जरी नजर हलली तरी काळी पडतात, हे कोणालाही कळेल असं तिला वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण आमदारांनी सोप सोडला, एक सुकेळं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "माझी आजी करायची." आणि अर्ज स्वतःकडे ओढून घेतला.

काकी बाहेर येऊन म्हणाली, "झालं काम." मी म्हटलं, "काकी, काम असं होत नसतं." ती म्हणाली, "त्यानं खाल्लं ना?"

काम तसं झालं नाही. मतदान जवळ आलं. विधानसभेत बोलणं व्हायचं तेव्हा होईल, पण मत हातचं जाऊ नये म्हणून कचेरीतून सुचवलं गेलं की सगळ्यांनी नव्यानं नोंदणी करून टाका. बहुतेकांनी केली. विलासनं केली, रेमी सरांनीही कुरकुरत केली. काकीचा अर्ज मी भरून वाडीत घेऊन गेले, नुसता अंगठ्याचा प्रश्न, शाईचा डबाही सोबत होता.

"काय लिवलंय ह्यात?" तिनं विचारलं.

"तुझं नाव नव्यानं घालायचं. नवीन मतदार म्हणून."

"नवीन कोन?"

"अगं, लिहायचं असतं तसं."

"मी काय आज जल्मले?" तिनं हात मागे घेतला. "आदी व्हते, ते खोटं काय मंग? तुजा काका आनि मी जात व्हतो, ते कोन व्हतं?"

मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. म्हटलं, "काकी, तुला मत पाहिजे की मान पाहिजे?"

तिनं खाली वाकून एक केळं उलटं केलं. "दोन येगळे हायत काय, बाय?"

मी फणफणत निघून आले. बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर पिशवीत एक पुडा होता, तिनं कधी टाकला कळलंच नाही.

मतदानाच्या दिवशी मांडवावर शेवटची केळी होती. मी फुलपाड्यात मत देऊन सांडोरला गेले. वाटलं होतं, काकी वाडीत असेल, रागावून. पण आळीत शिरले तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेकडून परत येत होती. गेली होती. रांगेत उभी राहिली होती. आतल्या मुलीनं यादी वरून खाली पाहिली, पुन्हा पाहिली आणि आदरानं सांगितलं, "आजी, तुमचं नाव नाही." काकी तिला म्हणाली, "ठाऊक हाय. तरी बग म्हनलं." आणि बाहेर आली.

तो दिवस मला या उन्हात सगळ्यात जास्त आठवतो. आळीत जो भेटेल त्याच्या बोटाला शाई. पोरं बोटं पुढे करून फोटो काढत होती. काकीनं दिवसभर डावा हात पदराखालून बाहेर काढला नाही. एका हातानं केळी परतत राहिली, आणि सुकेळी एका हातानं परतायचं काम नव्हे. विलासच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, कोयता लागला. वाडीच्या टोकाला मी त्याला गाठलं तेव्हा त्यानं फडकं जरा वर केलं. खाली नुसती शाई होती. मग तो पाट वळवायला निघून गेला.

पुढे आमदारांनी प्रश्न मांडला. आमच्या भागातलं उदाहरण म्हणून मांडला, वाड्यांत राबणाऱ्या माणसांची दारं दिवसा बंद असतात, असं म्हणाले. उत्तर आलं, पत्रं फिरली, आम्ही पुन्हा खेपा घातल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी खालपर्यंत लेखी सूचना आली. बंद घर म्हणजे गेलेलं घर धरू नये. शेजारी, शेत, वाडी, जिथं माणूस असेल तिथं जाऊन विचारावं. एकाच्या सांगण्यावर नाव काढू नये, दोघांना विचारावं. आणि चुकून काढलेली नावं पूर्वीसारखी लावून गावात वाचून दाखवावीत. रेमी सरांनी ते पत्र चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर उभं राहून वाचलं. आमच्याकडे ते देवळाच्या मंडपात झालं.

अंगणवाडीच्या त्या बाईच नावं वाचत होत्या. काकी खांबाला टेकून बसली होती. "राऊत सुलोचना हरिश्चंद्र," बाई म्हणाल्या.

"हाय," काकी म्हणाली.

मंडपात सगळे हसले. बाईही हसल्या, म्हणाल्या, "आजी, हजेरी नाही घेत." काकी हसली नाही. तिनं पदर नीट केला आणि पुढची नावं ऐकत बसली, शेवटपर्यंत, सगळ्या आळीची.

त्याच पावसाळ्यात ती गेली. आजारपण म्हणावं असं काही झालं नाही. श्रावणात दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी सकाळी विलासनं चहा नेला तर थंड पडली होती. नाव परत आल्यानंतर एकही मतदान झालं नाही. रेमी सर मला म्हणतात, आपण जिंकलो, किती लोकांचं काम झालं बघ. खरं आहे. फुलपाड्याचे भाडेकरू, गोखिवऱ्याच्या बायका, सगळ्यांचं झालं. मी मान हलवते. पण जिच्यासाठी जिंकलो तीच मत द्यायला नसेल, तर त्या जिंकण्याचं काय करतात, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

यंदा विलासनं थोडीच केळी घातली. म्हणाला, सवय मोडवत नाही. मी काल गेले होते. घराला तेच पितळी कुलूप, किल्ली आता विलासच्या कमरेला. दुपारी आम्ही दोघं मांडवाशी होतो तेव्हा विहिरीकडून छत्री येताना दिसली. अंगणवाडीच्या बाई. पाटाला पाणी सोडलेलं, म्हणून चपला हातात, साडी चिखलानं भरलेली.

"घर बंद दिसलं," त्या दम खात म्हणाल्या. "म्हणून इकडे आले. आता तशी सूचना आहे ना." सूचना कोणी आणवली हे त्यांना चांगलं माहीत होतं, माझ्याकडे बघून थोड्या हसल्या. विलासनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी यादी उघडली, एकेक नाव विचारत गेल्या. मग थांबल्या.

"आजी कुठं दिसत नाहीत?"

त्यांना कळलंच नव्हतं. पावसाळ्यात त्या रजेवर होत्या म्हणे. मी सांगितलं. "काकी श्रावणात गेली."

त्यांनी छत्री मिटली. मग यादीवर पेन ठेवलं, उचललं, आणि अवघडून विलासकडे वळल्या. "भाऊ, मला तुम्हालाही विचारावं लागतं. दोघांना विचारल्याशिवाय नाव काढायचं नाही."

ती आमचीच मागणी होती. मी माझ्या हातानं लिहिली होती, रेमी सरांच्या ओट्यावर, चिकट बोटांनी. विलासनं आईच्या जाण्याचं अजून कोणाला तोंडानं सांगितलेलं नव्हतं, नातेवाइकांना फोनसुद्धा मीच केले होते. तो मांडवावर वाकलेला होता. एक केळं त्यानं उचललं, वळवलं, ठेवलं. बाई थांबून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही.

"नाय," विलास म्हणाला. "आई नाय आता."

बाईंनी लिहून घेतलं.